बिगुलातली बाई

आमच्या मंडळाला नाव आहे. पण गेल्या १६ डिसेंबरच्या प्रकारानंतर ते कुठेही छापून येऊ नये, असा ठराव एकमताने झाला. मंडळाच्या इतिहासात एकमताने झालेला तो एकमेव ठराव. तेव्हा एवढंच सांगतो की साताऱ्यात दर शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच निवृत्त माणसं एका वकिलांच्या गच्चीवर जमतो आणि संगीत करतो. 'करतो' हा शब्द खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचा. जिन्यात भेटले की ते विचारतात, "आज किती वेळ करणार?"

वकीलसाहेब कीबोर्ड वाजवतात. म्हणजे कीबोर्ड आपला आपण वाजतो आणि वकीलसाहेब त्याच्यापाशी हजर राहतात; आयुष्यभर तारखांना हजर राहण्याचा सराव. ऑक्टापॅडवर दंतवैद्य. ढोलकीवर पतपेढीतून निवृत्त झालेले एक अण्णा. खरं वाजवता येणारा माणूस हा एकच, म्हणून त्यांना आम्ही सर्वांत मागे बसवतो. गायला शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. सूर चुकला तर त्या आमच्याकडे अशा बघतात की आपणच पाढा चुकलो असं वाटतं.

आणि ट्रंपेटवर मी.

ट्रंपेट माझ्याकडे कसं आलं हे थोडक्यात सांगतो. आमच्या पेठेत एक लग्नाचा बँड होता. डीजे आला आणि बँड बसला. मास्तरांनी सगळी पितळ वजनावर मोडीत घालायला काढली, तेव्हा बँकेतून नुकताच मोकळा झालेला मी हळहळलो आणि एक ट्रंपेट उचलून आणलं. हळहळ ही फार महाग पडणारी गोष्ट आहे. चार वर्षं झाली, त्यातून आजवर दोनच आवाज निघाले. एक म्हैस वेताला आल्यासारखा आणि दुसरा ती व्याल्यावर निघतो तसा. पहिल्याच दिवशी ही स्वयंपाकघरातून धावत आली आणि म्हणाली, "अहो, कुकरची शिट्टी उडाली की काय?"

आता मुद्द्याचं. माजी सैनिकांचा सत्कार करावा, त्यांच्यासमोर देशभक्तिपर गीतांचा कार्यक्रम विनामूल्य करावा, ही कल्पना निघाली तेव्हा आम्ही समाजाचं ऋण वगैरे शब्द वापरले. पण खरं कारण लपवण्यात अर्थ नाही. त्याआधी गणेशोत्सवात आमचा कार्यक्रम झाला होता. तिसऱ्या गाण्याला मांडवात गणपती आणि आम्ही, एवढेच उरलो. गणपतीलाही उठता येत असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही. त्या रात्री परत येताना दंतवैद्य म्हणाले, "आपल्याला उठून न जाणारा श्रोता पाहिजे." माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मोर्चा सोडून हलायचं नाही हे ज्यांच्या हाडात मुरलंय, अशी माणसं आपल्या जिल्ह्यात गावोगाव बसली आहेत!

आणि ते खरंच आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले, तसा दगड इंग्रजांनी गावात लावलेला आहे. पण अपशिंग्याला जायची आमची छाती झाली नाही. आम्ही त्याच जिल्ह्यातलं दुसरं एक लहान गाव धरलं. नाव सांगत नाही, त्या गावाने पुष्कळ सोसलंय. सरपंचांना आम्ही दोन पानी पत्र पाठवलं. उत्तरात एक शब्द आला : 'या.'

मुहूर्त १६ डिसेंबरचा, विजय दिवसाचा. १९७१ साली याच तारखेला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. तेव्हा वीस वर्षांचा असलेला जवान आता पंचाहत्तरीला टेकला आहे. त्यामुळे घाई करणं गरजेचं, असं मी सभेत म्हणालो. सभेतल्या सर्वांचं वय बघता हे वाक्य नको होतं.

कार्यक्रमाची आखणी करताना मी सुचवलं की शेवटी श्रद्धांजलीला 'लास्ट पोस्ट' व्हायला हवी. ही बिगुलाची धून मुळात इंग्रजांच्या छावणीतली. रात्री शेवटच्या चौकीची पाहणी झाली, दिवस संपला, असं कळवणारी. पुढे ती सैनिकाच्या अंत्यविधीला आणि स्मारकांपाशी वाजू लागली. आधी धून, मग स्तब्धता, मग पुन्हा उठवणारी धून. हे सगळं मी वाचून गेलो होतो आणि असं सांगितलं की सगळ्यांच्या अंगावर काटा आला. मग बाईंनी विचारलं, "पण वाजवणार कोण?" आणि पाचही जण माझ्या ट्रंपेटकडे बघू लागले. पाचही म्हणजे मीसुद्धा.

हातात तीन आठवडे होते. रात्री एक-एक वाजेपर्यंत उशीत तोंड खुपसून सराव केला. उशी भिजली, सूर आला नाही. आणि अशाच एका रात्री मोबाइलवर मला अमेरिकेतली हकिकत सापडली. तिथे दुसऱ्या महायुद्धातले म्हातारे सैनिक एवढ्या वेगाने जाऊ लागले की त्यांच्या दफनाला बिगुल वाजवणारे पुरेनात. हौशी वादक आपणहून पुढे आले, तेही पुरेनात. म्हणून २००३ साली त्यांच्या सैन्याने एक तोड काढली. बिगुलाच्या तोंडात बसेल असं एक छोटं यंत्र. आतली कळ दाबायची, बिगुल ओठाला लावून उभं राहायचं. धून यंत्र वाजवतं.

ज्या देशाने माणूस चंद्रावर पाठवला त्याला जर यात कमीपणा वाटत नाही, तर मी कोण? दुसऱ्याच दिवशी मी मोबाइलच्या दुकानातून पेरूएवढा ब्लूटूथ स्पीकर आणला. ट्रंपेटच्या तोंडात तो असा चपखल बसला, जणू त्या दोघांची पत्रिका जुळली होती. धून मोबाइलमध्ये, मोबाइल खिशात, बोट खिशात. घरी आरशासमोर गाल फुगवून तालीम केली. ही बघत होती. म्हणाली, "फुगवा, पण डोळे बाहेर काढू नका. त्यांना वाटेल तुम्हालाच श्रद्धांजली आहे."

कार्यक्रम अकराला होता. आम्ही पोचलो बारा वाजून दहा मिनिटांनी. टेंपोवाल्याला वाटेत त्याच्या मेव्हण्याचं काम निघालं. शाळेच्या पटांगणात सत्कारमूर्ती दोन ओळींत खुर्च्यांवर बसले होते. ते साडेदहापासून बसले होते, हे मागाहून कळलं. कोटावर पदकं, डोक्याला फेटा किंवा टोपी, पायात बूट, ऊन थेट तोंडावर. एकानेही उशिराबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त पहिल्या रांगेतल्या सुभेदारांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि बाही खाली ओढली. बँकेत पस्तीस वर्षांत मला एवढा मोठा मेमो मिळाला नव्हता.

मग ध्यानात आलं की स्पीकर टेंपोतून उतरवायला आमच्याबरोबर कुणी नाही. माझी पाठ, वकीलसाहेबांचा गुडघा, दंतवैद्यांची बोटं (ती त्यांच्या मते विमा उतरवण्याच्या योग्यतेची). आम्ही एकमेकांना 'थांबा हं, तुम्ही नको' म्हणत असताना मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. सत्कारमूर्ती उठले, टेंपोपाशी आले आणि एकाने 'हां, लेके चलो' म्हणताच सगळं सामान पाच मिनिटांत व्यासपीठावर. शहात्तर वर्षांचा एक नायक ऑक्टापॅडचा स्टँड खांद्यावर टाकून चालला होता आणि मागून दंतवैद्य 'सांभाळून, सांभाळून' करत होते. ते नायकाला उद्देशून नव्हतं, स्टँडला होतं.

लागलीच वीज गेली. गावाला ते नवं नव्हतं, वकीलसाहेबांच्या कीबोर्डला होतं. जनरेटर आणायला कुणी तरी गेलं आणि तेवढ्या वेळात काय करायचं म्हणून मी सुभेदारांपाशी जाऊन म्हणालो, "आमचं पत्र मिळालं होतं ना?" बोलायला विषय हवा म्हणून. ते म्हणाले, "पत्रावरनं आठवलं," आणि त्यांनी जमालपूरची गोष्ट सांगितली. ते जंगी पलटणीतले, म्हणजे पहिली मराठा लाइट इन्फंट्री. डिसेंबर एकाहत्तरमध्ये जमालपूरला पाकिस्तानी पलटणीला वेढा पडला होता. आपल्या ब्रिगेडियरनी चिठ्ठी पाठवली, शरण या म्हणून. उत्तर आलं ते कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून. आणि मग १० तारखेच्या रात्री ती पलटण वेढा फोडून निघाली ती थेट मराठ्यांच्या बंदुकांपुढे. "लई गर्दी झाली त्या रातीला," सुभेदार म्हणाले. एवढंच. पुढचं काही सांगितलं नाही. मग शांतपणे म्हणाले, "तुमच्या पत्रात गोळी न्हवती. म्हणून म्हटलं, या."

जनरेटर आला. बाईंनी 'ऐ मेरे वतन के लोगों'ने सुरुवात केली. बाई खरोखर बऱ्या गायल्या. डोळे मिटून गायल्या, त्यामुळे त्यांना समोरचे चेहरे दिसले नाहीत, मला दिसले. सगळे अदबीने ऐकत होते, पण जावयाने सासऱ्याचं आजारपण ऐकावं तसे. गाणं संपल्यावर टाळ्या झाल्या आणि एक हवालदार हात वर करून उभे राहिले. "बाई, गानं झाक झालं. पर ते बासष्टचं हाय. चीनच्या टायमाचं. आमी तर जिकून आलोय न्हवं?"

हे माझ्या टाळक्यात आजवर शिरलंच नव्हतं. १९६३च्या जानेवारीत लताबाईंनी ते दिल्लीत पंडित नेहरूंसमोर गायलं तेव्हा सारा देश चीनच्या पराभवाने सुन्न होता. आपल्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी चाल दिली ती त्या दुःखाला. आणि आम्ही ती विजय दिवसाला, जिंकून आलेल्यांच्या समोर, पहिलंच गाणं म्हणून! आमच्या यादीतली पुढची सहा गाणीही त्याच वळणाची होती. प्रत्येकात कुणी तरी परत येत नव्हतं.

"मग काय वाजवू?" वकीलसाहेबांनी विचारलं. हवालदारांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "बडाखान्याला, म्हंजी पलटनीच्या जेवनाला, आमी लावण्या लावायचो. बहात्तरला सुट्टीवर आलो तवा 'पिंजरा' लागला हुता. चारदा बघितला." दुसरी रांग म्हणाली, पाचदा. अण्णांचा ढोलकीवरचा हात आपोआप फिरला, आणि मंडळाच्या स्थापनेपासून प्रथमच आमच्याकडून संगीत झालं. यात माझा, वकीलसाहेबांचा आणि दंतवैद्यांचा वाटा एवढाच की आम्ही थांबलो.

तिथेच कार्यक्रम संपवला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. पण सत्कार राहिला होता. यादीत चौदा नावं, म्हणून चौदा शाली, चौदा नारळ. प्रत्यक्षात सोळा माजी सैनिक आणि तीन वीरपत्नी. शाली पुरवल्या; बाईंनी स्वतःची दिली, उरलेल्या चार सरपंचांनी शाळेच्या कपाटातून काढल्या. नारळांचं काय? तेव्हा बँकेतला माझा अनुभव कामाला आला. चलन फिरतं राहिलं पाहिजे! सत्कार झालेला माणूस खुर्चीत बसला की त्याच्या हातातला नारळ 'द्या, सांभाळतो' म्हणून मी मागून घ्यायचो आणि पुढून व्यासपीठावर पोचवायचो. हे फार सफाईने चाललं होतं. शेवटच्या सत्काराला मात्र मागच्या रांगेतून आवाज आला, "त्यो माजा नारळ हाय. शेंडीवरनं वळखला."

आणि मग ती वेळ आली.

सुभेदारांनी आज्ञा दिली, "सावधान!" सोळा माणसं एका माणसासारखी उभी राहिली. काठ्या खुर्च्यांना टेकल्या, पाठी ताठ झाल्या. तीन वीरपत्नी हात जोडून उभ्या. शाळेची पोरं, गावकरी, झाडावरचे कावळेसुद्धा गप्प. मी मायक्रोफोनसमोर गेलो, ट्रंपेट ओठाला लावलं, गाल फुगवले आणि खिशातलं बटण दाबलं.

काहीच झालं नाही. जेवढा वेळ लावण्या चालल्या तेवढा वेळ स्पीकर रिकामा बसून झोपी गेला होता. मी गाल आणखी फुगवले. डोळे बाहेर आले. ही म्हणाली होती ते खरं ठरलं. मग ट्रंपेट निरखल्याचा आव आणून त्याच्या तोंडात बोट घातलं आणि स्पीकरचं बटण दाबलं. तेव्हा त्या भयाण शांततेत, माझ्या बिगुलातून, मायक्रोफोनमधून, गावाच्या वेशीपर्यंत, एक बाई चिनी हेल काढून इंग्रजीत म्हणाली, "द ब्लूटूथ डिव्हाइस इज रेडी टू पेअर."

कुणी हललं नाही. सावधान म्हणजे सावधान.

मी खिशात चाचपडत होतो तोवर बिगुलातली बाई पुन्हा बोलली. "कनेक्टेड सक्सेसफुली." माझा जीव भांड्यात पडला. पण बाईचा घरोबा माझ्या मोबाइलशी झालाच नव्हता. गर्दीत कुणाच्या तरी मोबाइलशी झाला होता. कुणाच्या, हे आजतागायत उघड झालेलं नाही. क्षणभर खरखर झाली आणि बिगुलातून एक तरणाबांड आवाज खणखणीत मराठीत म्हणाला, "नमस्कार शेतकरी बंधूंनो! आता बघूया आल्याचे आजचे बाजारभाव!"

परजिल्ह्यातल्या वाचकांसाठी सांगतो, आलं हे आमच्याकडे चहात टाकायचं नसतं, त्यावर मुलींची लग्नं होतात. त्याचा भाव किलोवर नाही, पाचशे किलोच्या गाडीवर बोलतात. तर दोन मिनिटं पूर्ण, घड्याळ लावून, गावाने माना खाली घालून आल्याच्या गाडीचे भाव ऐकले. मी बिगुल ओठाला लावून उभा. खाली ठेवायची हिंमत नव्हती. ठेवलं असतं तर भाव आपले आपण चालू राहिले असते आणि तेवढं एक सोंगही संपलं असतं. सुभेदारांनी 'विश्राम' म्हटल्यावर मागून एका शेतकऱ्याने हलक्या आवाजात विचारलं, "कोरेगावचा भाव सांगितलाच न्हाई?"

दुसऱ्या रांगेच्या टोकाला एक किरकोळ बांध्याचे आबा होते. तोवर ते कुणाशी बोलले नव्हते. ते सावकाश व्यासपीठावर आले, माझ्या हातातून ट्रंपेट घेतलं, आत दोन बोटं घातली आणि अडलेल्या गाईचं वासरू काढावं तसा तो स्पीकर ओढून काढला. माझ्या तळहातावर ठेवला. तो अजून बोलत होता. मग ट्रंपेटच्या तीन कळा दाबून बघितल्या आणि म्हणाले, "साहेब, एवढ्या तीन कळा असताना आत रेडू कशाला लागतोय? आमच्या बिगुलाला येक कळ न्हवती. पाच सूर. समदे व्हटावर."

ते पलटणीत बिगुल वाजवायचे. बेळगावच्या सेंटरला शिकले. मी मूर्खासारखं विचारलं, "लढाईत कुठली धून वाजवायचात?" आबा म्हणाले, "लढाईत कुठला बिगुल? बिगुल पेटीत. बँडवाल्यांच्या हातात स्ट्रेचर. वाजवनाऱ्यांनी उचलायचं." त्यांनी ट्रंपेट ओठाला लावलं. नुसतीच हवा गेली. दंतवैद्य पुढे झाले आणि म्हणाले, पुढचे दात गेले की ओठाला मागून आधार राहत नाही, कवळीने ते जमत नाही. हे त्यांनी एवढ्या हळू आणि एवढ्या नीट सांगितलं की हाच माणूस ऑक्टापॅड वाजवतो हे खरं वाटेना. आबांनी कवळी काढली, रुमालात बांधली, खिशात टाकली, आणि ट्रंपेट माझ्याकडे परत देऊन नुसत्या तोंडाने सुरुवात केली. ट-टा, ट-टा-टा.

पहिली धून जेवणाची होती. समोरचे सगळे हसले. दोघांनी तर ताट धरल्यासारखे हात केले. दुसरी 'फॉलिन'ची, म्हणजे रांगेत उभं राहण्याची; तिला लोक उगाच चुळबुळले. मग आबा थांबले, श्वास घेतला. तिसरी सुरू झाली ती मी मोबाइलवर तीन आठवडे ऐकत होतो तीच. बिनदातांच्या तोंडातून, फुसफुसत, मध्येच थुंकी गिळून. कुणी आज्ञा दिली नाही. सोळा माणसं आपली आपण उभी राहिली. मीही राहिलो. हातात तो स्पीकर होता. त्याच्यावर बोट एवढं घट्ट दाबून धरलं होतं की दोन दिवस दुखलं.

नंतर जेवण होतं. आमच्यासाठी त्यांनी केलेलं. झणझणीत रस्सा, भाकरी. जेवणानंतर सुभेदारांनी आम्हा पाचही जणांना रांगेत उभं केलं आणि आमचा सत्कार केला. शाल नव्हती, टोपी घातली, नारळ दिला. घरी येऊन पिशवी उघडली तर माझ्या वाट्याला तोच नारळ आला होता. शेंडीवरून ओळखला. हिने त्याची बर्फी केली.

आता दर गुरुवारी मी एसटीने त्या गावाला जातो. आबा गोठ्यापाशी बसवून शिकवतात. म्हैस बिथरते म्हणून तिला आधी लांब बांधतात. पाचातले दोन सूर आले आहेत. तिसरा दिवाळीपर्यंत येईल असं आबा म्हणतात, कुठल्या दिवाळीपर्यंत ते सांगत नाहीत. दंतवैद्य त्यांची नवी कवळी करताहेत, फुकट. वकीलसाहेबांनी कीबोर्ड विकायला काढलाय. कुणाला हवा असेल तर सांगा.

आणि एक. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वज दिन असतो. १९४९पासून असतो. डबा घेऊन कुणी दारात आलं तर त्यात सढळ हाताने पैसे टाका, ते सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या कामी येतात. आणि तुमच्या गावात माजी सैनिकांचा सत्कार करायचा असेल तर खुशाल करा. वेळेवर जा, नारळ मोजून न्या, ढोलकीवाले अण्णा मोकळे असतात त्यांना बोलवा. आम्हाला नका बोलवू.